इंजिनाखालचा पत्रा

तिचं खरं नाव गोदीत कुणालाच आठवत नसे. सगळे तिला चिमणी म्हणत. अंगकाठी एवढीशी, आणि मागे कुणाच्या हातून साधा पाना पडला तरी भुर्रकन उडून जाईल अशी दचकायची. लहानपणी ती पालीला भ्यायची, विजेला भ्यायची, लिफ्टला भ्यायची. लग्न झाल्यावर त्यात भर पडली. नवऱ्याला यायला उशीर झाला की ती दहादा खिडकीशी जायची आणि फोन वाजला की तो उचलण्याआधीच हातपाय गार पडायचे. सासूबाई म्हणायच्या, "हिच्यासमोर यायचं तर सावलीनंसुद्धा आधी खाकरून यावं."

आणि अशा बाईनं काम कुठलं धरावं? बोटींच्या तळाशी ज्या बंद टाक्या असतात, त्यांत सरपटत शिरून पत्र्याची जाडी मोजायचं.

ती गोदीच्या ऑफिसात आली होती फोन घ्यायला. फोनला भिणाऱ्या बाईला फोनवरच बसवलं होतं, म्हणजे तिच्या नशिबाचा विनोद तिथूनच सुरू झाला म्हणायचा. एक दिवस जाडी मोजणारा दांडगा गडी टाकीच्या तोंडातच खांद्यापाशी अडकला. साबण लावून त्याला बाहेर ओढेस्तोवर सगळ्यांच्या नाकी नऊ आले. गोदीच्या इंजिनियर साहेबांनी इकडं तिकडं पाहिलं, तर दारात ही उभी. "तू जाशील का गं आत?" त्यांनी विचारलं. नाही म्हणायचीसुद्धा तिला भीतीच वाटली, म्हणून ती हो म्हणाली.

पहिल्या दिवशी बाहेर आल्याबरोबर ती एका पिंपामागे जाऊन ओकली. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. का गेली, ते तिलाही सांगता आलं नसतं. पगार बरा होता हे खरं, पण तेवढंच नव्हतं. आत गेल्यावर भीती वाटायची, पण ती कशाची वाटते आहे ते निदान समोर दिसायचं. बाहेर तेवढंही कळायचं नाही.

हळूहळू साहेबांच्या लक्षात आलं की तिचं भित्रेपण कामाला उपयोगी आहे. दुसरा माणूस जिथं एकदा यंत्र टेकवून पुढं सरकला असता, तिथं ही शेजारी पुन्हा टेकवून बघायची, कारण पहिल्या आकड्यावर तिचा विश्वासच बसायचा नाही. यंत्र साधं होतं. पत्र्यावर चिकट जेल लावायचं, त्यावर बोटाएवढी दांडी टेकवायची. पत्र्याच्या पलीकडच्या बाजूवरून आवाज परत येतो आणि पोलाद किती जाड उरलंय ते पडद्यावर उमटतं. सासूबाईंनी याचीही थट्टा केलीच. "लोक पोटासाठी बोटीवर जातात, आमची सून बोटीच्या पोटात जाते."

ती आत असताना टाकीच्या तोंडाशी दोरीवाले काका बसायचे. आतली हवा तपासायची, तिच्या कमरेला दोरी बांधायची आणि ती बाहेर येईपर्यंत जागचं हलायचं नाही, एवढंच त्यांचं काम. थोड्या थोड्या वेळानं ते हाक मारायचे, "चिमणे!" आतून आवाज यायचा, "हो काका!" तो आवाज टाकीच्या भिंतींना आपटत यायचा, आणि काका म्हणायचे की एवढ्याशा बाईचा एवढा मोठा आवाज फक्त इथंच ऐकायला मिळतो.

खाडीच्या दोन काठांमध्ये माणसं ने-आण करणारी एक फेरीबोट होती. तिच्यावर चिमणीचा नवरा इंजिन सांभाळायचा. माणूस हसतमुख, बेफिकीर. बायकोच्या भीतीच्या गोष्टी चारचौघांत रंगवून सांगायचा, आणि घरी आल्यावर दार उघडण्याआधी बाहेरूनच "मी आहे गं!" म्हणून ओरडायचा, म्हणजे ती दचकायला नको. त्या बोटीची मोजणी असली की चिमणीला दुप्पट भीती वाटायची. बाकीच्या बोटी लोकांच्या होत्या, ही घरची.

त्या वर्षीची मोजणी धक्क्यालाच होती, बोट पाण्यात उभी असताना. बोटीचा तोल राखायला जिच्यात समुद्राचं पाणी भरतात, ती टाकी रिकामी करून ठेवली होती. चिमणी सरपटत आत शिरली. खालचे जुने पत्रे तिला तोंडपाठ होते. वर्षानुवर्षं ते सगळीकडून सारखे गंजत आले होते, म्हाताऱ्या माणसाच्या अंगासारखे. झिजलेले, पण भरवशाचे. पुढचा एक पत्रा मात्र मागच्या दुरुस्तीत नवा घातलेला होता. रंगसुद्धा जेमतेम उडालेला. तिनं यंत्र टेकवलं. ठणठणीत. शेजारी टेकवलं. ठणठणीत. आणखी थोडं बाजूला टेकवलं आणि आकडा एकदम निम्म्याच्याही खाली आला.

तिला वाटलं, यंत्रच बिघडलं. पुन्हा जेल लावलं, पुन्हा टेकवलं, पुन्हा तोच आकडा. तिथं पत्र्यावर गंजाची एक लहानशी खपली होती, मुलांच्या गुडघ्यावर जखम सुकताना असते तशी. बाकी सगळा पत्रा गुळगुळीत. तिनं खरवडणीच्या टोकानं खपली उचलली. खालून काळं, आंबूस वासाचं पाणी निघालं. किती खोल आहे म्हणून तिनं टोक जरासं दाबलं मात्र, ते आत गेलंच. आणि तिथून पाण्याची सुईएवढी बारीक धार सरळ तिच्या गालावर आली.

थंडगार, खारट. समुद्र होता तो.

तिची बोबडीच वळली. दोरीवाले काकांनी नेमकी तेव्हाच हाक मारली, "चिमणे!" तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. तिनं भोकावर अंगठा दाबून धरला. एवढ्याशा भोकानं बोट बुडत नसते, हे तिला माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि अंगठ्याखाली अख्खा समुद्र ढुशा देत असताना ते पटणं वेगळं. त्यातून आता तिला दिसायला लागलं की तशा खपल्या आणखी आहेत. एक कोपराजवळ. एक गुडघ्याखाली. आपण ज्याच्यावर रेललोय तो पत्रा आहे की चाळण, तेच तिला कळेना. हलावं तर भीती, न हलावं तर भीती.

"चिमणे! अगं बोल!" काकांनी दोरी हिसकली. तिनं कसाबसा दोरीला उलटा हिसका दिला. काकांना काय समजायचं ते समजलं. त्यांनी आरडाओरडा केला, आणि इंजिनखोलीतून जो धावत आला तो तिचाच नवरा.

त्या तोंडातून तो छातीपर्यंतच आत येऊ शकला. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात मऊ लाकडाच्या खुंट्या आणि हातोडी. आजवर त्यानं तिला कधी टाकीच्या आत पाहिलं नव्हतं. बॅटरीच्या उजेडात पत्र्याला अंग चिकटवून पडलेली, डोळे विस्फारलेली बायको दिसली आणि त्याचं नेहमीचं हसू कुठल्या कुठं गेलं.

"अंगठा काढ," तो म्हणाला.

तिनं मान हलवली. नाही.

"अगं, खुंटी ठोकायची आहे. माझा हात पोचत नाही, तुलाच ठोकावी लागेल. काढ अंगठा."

"नाही निघत हो," ती पुटपुटली. आणि खरंच निघत नव्हता. तिनं मनात किती वेळा काढला, पण हात जागचा हलेना.

मग तो हळू आवाजात म्हणाला, "हे बघ, मी इथंच आहे. पाणी आलं तर माझ्याही छातीपर्यंत येईल. मी अडकलोय ना तोंडात? तू बुडालीस तर मीही बुडणार. आता काढ."

ह्या बोलण्यानं धीर यावा असं त्यात काहीच नव्हतं. पण त्याचा आवाज थरथरत होता, आणि त्या आवाजानं तिला जाग आल्यासारखं झालं. त्यानं खुंटी आणि हातोडी तिच्याकडं सरकवली. तिनं अंगठा काढला, खुंटी लावली आणि पडल्या पडल्या ठोकली. धार थांबली. लाकूड पाण्यानं फुगून आपोआप घट्ट बसतं, ते बसलं. बाहेर आल्यावर तिच्या अंगठ्याच्या पोटावर लाल वळ उठला होता आणि दात एकमेकांवर कडकड वाजत होते. काकांनी तिच्या अंगावर आपलं जाकीट टाकलं. नवरा धक्क्याच्या कडेला पाय सोडून बसून राहिला.

पाणी उपसून तळ उघडा पाडतात त्या कोरड्या गोदीत बोट घेतली, तो पत्रा कापून काढला, दुसरा बसवला. तळाला बाहेरून रंग दिला, ठरलेल्या खुणांवर जाडी तपासली, सगळे आकडे चांगले आले. बोट पुन्हा फेऱ्या मारायला लागली. चिमणी मात्र टाकीत उतरेना. ती पुन्हा फोनवर जाऊन बसली, आणि साहेबांनीही तिला काही म्हटलं नाही.

कापलेल्या पत्र्याचा एक तुकडा तिच्या नणंदेच्या प्रयोगशाळेत गेला होता. नणंद नवऱ्याहून मोठी, धातू तपासण्याच्या कामात केस पिकलेली. तुकडा घासायचा, आरशासारखा चकचकीत करायचा, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा, ही तिची रोजची कामं. एके दिवशी दुपारी तिनं चिमणीला बोलावून घेतलं.

"ये, बघ इथं डोळा लावून," ती म्हणाली.

चिमणीनं बघितलं. पांढरट पोलाद, आणि त्यात राखाडी लांबट रेघाच रेघा. जणू कुणी पिठात दोऱ्याचे तुकडे मळले होते.

"हे काय, ताई?"

"गंधक. पोलाद वितळवताना ते काढून टाकावं लागतं. इथं कुणीतरी आळस केला. मग ते पोलादातल्या मँगनीजला धरून असं साचून राहतं, आणि पत्रा लाटला की रेघांसारखं ताणलं जातं. गोड्या पाण्यात कदाचित ह्या पत्र्याचं काही बिघडलं नसतं. पण खाऱ्या पाण्याला बरोबर सापडतं ते. जिथं ही रेघ वर उघडी पडते, तिथं मीठ आधी तिलाच खातं. मग तिथं बारीक खड्डा. खड्ड्याच्या तोंडावर गंजाची खपली धरते, आतलं पाणी कोंडतं आणि आंबट होत जातं, अगदी अॅसिडसारखं. मग ते आतल्या आत खोल खोल जातं. बाहेरून पत्रा कसा? नवा कोरा."

"दिसतं तसं नसतं," चिमणी म्हणाली.

"म्हणून तर जग फसतं. जुना पत्रा बिचारा सगळीकडून सारखा झिजतो, आपल्याला कळतं तरी. हा कळूच देत नाही. आणि तुमच्या खुणांवर मोजून काही उपयोग नाही. खड्डा खुणेच्या शेजारी असला की आकडा चांगलाच येणार."

चिमणीनं डोळा बाजूला घेतला. तिच्या मनात जे आलं, ते तोंडावर आणायचीसुद्धा तिला भीती वाटत होती. तरी तिनं विचारलं, "ताई, असा एकच पत्रा बनवत असतील का हो?"

नणंदेनं तिच्याकडं पाहिलं. "एका ओतणीच्या पोलादातून पुष्कळ पत्रे निघतात," ती म्हणाली, आणि मग तिचाही चेहरा पडला. भाऊ तिचाच होता.

दोघी तशाच उठून गोदीत आल्या. पत्र्यांच्या शेडमधला मुकादम चहा पीत बसला होता. "तो पत्रा ना? आठवतंय की," तो म्हणाला. "जोडीनं आले होते. एक त्या टाकीत लावला, अन् दुसरा त्याच बोटीला. इंजिनाखाली." बोलता बोलता त्याचा कप ओठांशीच थांबला. "अरे देवा," तो म्हणाला.

बोट त्या वेळी खाडीच्या मध्यावर होती. माणसांनी भरलेली. आणि इंजिनखोलीत तळाशी, त्या पत्र्याच्या वर, तिचा नवरा.

चिमणी साहेबांच्या खोलीत शिरली तेव्हा तिच्या तोंडून एकही वाक्य सरळ निघेना. सांगितलं ते नणंदेनंच. साहेबांनी पुरतं ऐकूनही घेतलं नाही, हात वायरलेसकडं गेला. बोट हाकणाऱ्या तांडेलाला त्यांनी सांगितलं की वेग कमी कर, लोकांना तरंगायची जाकिटं घालायला लाव, घाबरवू नकोस, आणि इंजिनखोलीतल्या माणसाला वर बोलव. पलीकडून खरखर आली आणि उत्तर आलं, "तो वर येत नाही म्हणतोय. इंजिन कोण बघणार, असं विचारतोय."

"हा मुलगा लहानपणापासून असाच," नणंद म्हणाली आणि तिनं डोळ्यांना पदर लावला.

चिमणी धक्क्यावर जाऊन उभी राहिली. ऊन स्वच्छ होतं, पाणी शांत होतं, आणि ती बोट लांबून एखाद्या खेळण्यासारखी दिसत होती. हलते आहे की नाही तेच कळत नव्हतं. अशा वेळी माणूस नको नको ते बघतो. तिला सारखं वाटत होतं की बोट मागून जरा खाली बसली आहे. डोळे चोळले की वाटायचं, नाही, सरळच आहे. पुन्हा वाटायचं, बसली. जीव टांगणीला लागणं म्हणजे काय, ते तिला त्या दिवशी कळलं. आजवरच्या तिच्या सगळ्या भीत्या ह्या भीतीपुढं पोरखेळ होत्या. काका शेजारी येऊन उभे राहिले. त्यांच्या हातात सवयीनं दोरी होती आणि तिचं काय करावं ते त्यांना सुचत नव्हतं.

बोट आली. हळूहळू, रांगत आल्यासारखी आली. दोर बांधले गेले, माणसं उतरली. कुणी कुरकुरत होतं, कुणी जाकिटाचे फोटो काढत होतं. कुणाला काही पत्ता नव्हता. सगळ्यांत शेवटी नवरा वर आला. तेलानं माखलेला, घामानं निथळणारा. "काय झालंय काय?" त्यानं विचारलं. तिनं त्याच्या दंडाला नुसता हात लावून बघितला आणि तिथंच दोराच्या वेटोळ्यावर बसली.

आता खाली जाऊन बघणं आलं. इंजिन ज्या लोखंडी बैठकीवर उभं असतं, तिच्याखाली हातभर फट. तळाला नेहमी थोडं खारं, तेलकट पाणी साचलेलं. त्या फटीत शिरू शकेल असं माणूस गोदीत एकच होतं. साहेब तिच्याकडं बघत नव्हते, मुद्दाम दुसरीकडं बघत होते.

"मी तुला सांगणार नाही," ते म्हणाले. "उद्या कुणीतरी बाहेरून बोलावू. तोवर बोट इथंच बांधून ठेवू."

"आणि इथंच बुडाली तर?" नवऱ्यानं विचारलं.

चिमणी उठली. तिनं यंत्र मागितलं. काकांनी तिच्या कमरेला दोरी बांधली. पंप लावून तळाचं पाणी काढलं. ती पोटावर झोपून त्या फटीत शिरली. वर इंजिन अजून गरम होतं, पाठीला झळ लागत होती. नवऱ्यानं तिचे दोन्ही घोटे धरून ठेवले होते. तिनं चिंधीनं पत्रा पुसला. वरून छान. रंगसुद्धा शाबूत. आणि मग बॅटरी आडवी धरल्यावर दिसल्या खपल्या. एकीशेजारी एक.

तिनं काहीही उचकटलं नाही. श्वाससुद्धा जपून घेत होती. एका खपलीच्या कडेला यंत्र टेकवलं, आकडा पातळ आला. दुसऱ्या जागी त्याहून पातळ. तिसऱ्या जागी यंत्रानं आकडाच दाखवला नाही. मोजण्याइतकंही काही उरलं नव्हतं.

"ओढा," ती म्हणाली. "हळू ओढा. माझा गुडघा आपटू देऊ नका."

बाहेर आल्यावर ती साहेबांना म्हणाली, "ह्याला कुणी बोटसुद्धा लावू नका." त्याच दिवशी संध्याकाळच्या भरतीला बोट दुसऱ्या बोटीनं ओढत कोरड्या गोदीत नेली. इंजिन उचलून तो पत्रा कापून काढला. तो उभा करून ठेवला तेव्हा त्यातून आरपार उजेड दिसत होता, चार-पाच ठिकाणी. नुसत्या खपल्यांनी आणि बाहेरच्या रंगानं इतके दिवस समुद्र थोपवून धरला होता. मुकादम त्या पत्र्यापुढं बराच वेळ उभा राहिला आणि नंतर त्यानं कितीतरी दिवस चहाच घेतला नाही, असं लोक सांगत.

त्यानंतर गोदीत नियम झाला. नवा पत्रा आला की आधी त्याचा तुकडा नणंदेकडं, मग तो बोटीला. कधी कधी काम अडून राहायचं आणि लोक वैतागायचे, पण साहेबांनी नियम मोडू दिला नाही.

बदल झाला तो घरी. नवरा पुन्हा इंजिनखोलीत उतरला नाही. दोन-तीनदा प्रयत्न केला त्यानं. शिडीच्या तिसऱ्या पायरीवर पाय ठेवला की त्याला दरदरून घाम फुटायचा, पायाखालचं लोखंड कागदासारखं वाटायचं. त्यानं किनाऱ्यावरच्या कारखान्यात पंप दुरुस्त करायचं काम घेतलं. त्याची कुणी थट्टा केली नाही, निदान चिमणीनं कुणाला करू दिली नाही. "तुम्ही खाली असता तर मीच वर वेडी झाले असते," ती म्हणाली.

ती मात्र परत टाक्यांमध्ये जाऊ लागली. सासूबाईंनी विचारलं, "तुला आता भीती वाटत नाही का गं?"

"वाटते ना आई. पूर्वीपेक्षा जास्त वाटते."

"मग?"

"मग काय, मी नाही गेले तर कुणीतरी दुसरं जाईल, आणि ते एकदाच मोजून बाहेर येईल."

सासूबाईंनी तिचा डबा भरला, झाकण घट्ट बसलंय का ते दाबून पाहिलं आणि तिला वाटेला लावलं. नवरा दारात उभा होता. आज कुठल्या बोटीत, कितव्या टाकीत, हवा तपासली का, काका आहेत ना, सगळं त्यानं पुन्हा एकदा विचारून घेतलं. मग ती रस्त्याच्या वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत तो तिथंच उभा राहिला.